गंज खाली, पाणी वरून

पत्र : आमच्याकडे बाबांची १९९९ सालची मारुती ८०० आहे. पांढरी, एमएच-०१ पासिंग. आम्ही माहीमला राहतो, समुद्र चालत पाच मिनिटांवर. बाबा गेल्या वर्षी गेले. २०२४चं पासिंग त्यांनीच करून घेतलं होतं, त्यामुळे २०२९पर्यंत पासिंगची चिंता नाही. ते दर मे महिन्यात स्वतः खाली चटई टाकून ब्रशने रेड ऑक्साइड लावायचे. यंदा कुणी लावलं नाही. पूर्ण पावसाळा ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला राहिला. मागच्या चाकांवरच्या कमानीला रंगाचे फुगे आलेत, दारांखालच्या रनिंग बोर्डला बोट जाईल एवढं भोक पडलंय, बॅटरीखालचा ट्रे पार तांबूस झालाय. एक गॅरेजवाला म्हणतो, साडेचार हजारांत खालून अंडरकोटिंग मारतो, तीन वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, पत्रा कापावा लागेल, अडतीस हजार. व्हिडिओ बघितले तर रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी, लॅनोलिन, कॅव्हिटी वॅक्स… डोकं गरगरायला लागलं. नवरा म्हणतो भंगारात दे. यातलं नेमकं काय लावू?
ता. क. पुढच्या काचेवर सोसायटीचा जुना पार्किंगचा स्टिकर आहे. त्यावर फ्लॅट नंबर बाबांच्या अक्षरात आहे. या कामात तो जाईल का?
— एक वाचक, माहीम

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात औषधांची नावं भरपूर आहेत, पण मी थांबलो ते गालिच्याच्या वाक्यापाशी. पायाखालचा गालिचा चार महिने ओला आणि दोघा गॅरेजवाल्यांपैकी एकानेही ‘पाणी येतंय कुठून?’ असं विचारल्याचं तुम्ही लिहीत नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली गत. साडेचार हजारांचा लेप खालून बसणार, पाणी वरून येत राहणार, आणि मधल्या पत्र्याला कुणी वालीच नाही.

मी गाडी पाहिलेली नाही, तेव्हा हे थोडं उंटावरून शेळ्या हाकणंच आहे. तरी मारुती ८०० कुठे कुठे सडते हे मुंबईत गाड्यांखाली आडवं पडून आयुष्य काढलेल्या माणसाला बऱ्यापैकी ठाऊक असतं. तुम्ही सांगितलेल्या चारही जागा त्याच आहेत.

अंडरकोटिंगचं आधी सांगतो, कारण साडेचार हजारांचा मोह मोठा असतो. मला एकदा झाला होता. माझ्याकडे पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. मे महिन्याच्या अखेरीस एका गॅरेजात ती रॅम्पवर चढवली आणि खालून डांबरासारखं जाड काळं कोटिंग मारून घेतलं. गाडी धुतली होती, पण वाळवली नव्हती. पहिला पाऊस चार दिवसांवर आलेला, सगळ्यांनाच घाई. त्यानंतर दोन पावसाळे मी वाकून खाली बघायचो आणि चकचकीत काळा रंग बघून खूश व्हायचो. तिसऱ्या वर्षी मागची सीट काढून काहीतरी करत होतो, हातातून पाना निसटला, फ्लोअरवर पडला आणि फ्लोअरमधून थेट रस्त्यावर गेला. पत्रा उरलाच नव्हता, नुसती काळ्या कोटिंगची झोळी लोंबत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

चूक त्या काळ्या रंगाची नव्हती. तो कशावर मारला, ती होती. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि मीठ असलं की काम झपाट्याने होतं. आता माहीमचा हिशेब करा. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. तुमच्या गाडीच्या पोटाखाली, कमानींच्या आत, दारांच्या तळाशी हे मीठ बसलेलं आहे. म्हणजे पाऊस थांबला तरी तो पत्रा कोरडा नसतो. अशा पत्र्यावर जाड लेप मारला की ओल आत कोंडली जाते. वर लेपाला वर्ष-दीड वर्षात एखादी तड गेली, की तिथून नवं पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंग उचलून फुगे करतो. गाडीचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. त्यात खाण्यासारखं फार काही नसतंच.

तेव्हा पहिलं काम फुकटचं आहे आणि ते तुम्हालाच करायचंय. पुढच्या दोन्ही सीट काढून घ्या, सोसायटीतलं कुणीही पाना चालवणारं पोर हे अर्ध्या तासात करेल. गालिचा उचला. त्याखाली तागासारखं किंवा फेल्टचं जाड अस्तर असेल, ते पाणी स्पंजसारखं धरून बसतं. गालिचा वरून कोरडा लागला तरी अस्तर महिनाभर ओलं राहू शकतं. ते सरळ फेकून द्या. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी ओतायचं. आधी पुढच्या काचेच्या खालच्या कडेला, मग काचेच्या कोपऱ्यांना, मग वायपरखालच्या खोबणीत, शेवटी दारावर. पाइप लावू नका, सगळीकडून एकदम पाणी आलं की काहीच कळत नाही. एका जागी दोन-तीन मग, पाच मिनिटं वाट बघायची, मग पुढची जागा.

या गाडीची पुढची काच रबरात बसवलेली असते. पंचवीस वर्षांत ते रबर कडक होऊन आक्रसतं, त्याच्या खाली पाणी साचतं आणि काचेच्या चौकटीचा पत्रा आतून खाल्ला जातो. माझा अंदाज तिथलाच आहे. दुसरा संशय वायपरखालच्या खोबणीवर. पर्जन्यवृक्षाखाली किंवा गुलमोहराखाली गाडी उभी असेल तर तिथे बारीक पानांचा लगदा साचून पाणी जायची वाट बंद होते. आणि एसी चालू ठेवल्यावरच ओल येत असेल तर एसीची पाणी टाकणारी नळी तुंबली असेल, ते काम पाच मिनिटांचं.

अजून एक गोष्ट, जी कुणी सहसा विचारत नाही. रोज सकाळी गाडी पुसणारा माणूस पाणी कुठलं वापरतो? समुद्रालगतच्या बऱ्याच सोसायट्यांत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतात आणि ते मचूळ असतं. काचेवर वाळल्यावर पांढरे डाग राहत असतील तर पाण्यात क्षार आहेत हे नक्की, आणि जिभेला खारट लागलं तर दुसरा पुरावा नको. म्हणजे आपण समुद्राच्या वाऱ्याला दोष देतो आणि रोज सकाळी बादलीने मीठ लावतो. काखेत कळसा! त्याला सांगा, वरून ओलं फडकं पुरे, पण आठवड्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आतून धुवायच्या. वरून चकाचक आणि खालून कधीच पाणी न लागलेली, अशा गाड्यांनी मुंबईतल्या सोसायट्या भरलेल्या आहेत.

पाणी सापडलं, बंद झालं, की मग गंजाकडे या.

गंज तीन जातींचा असतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. पहिला नुसता वरवरचा, हात फिरवला तर तांबूस भुकटी लागते, पत्रा खाली शाबूत. दुसरा पापुद्र्यांचा. खरवडलं की खपल्या निघतात आणि खाली पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. तिसरा आरपार. ओळखायला यंत्र लागत नाही. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या, मुठीकडून ठोका. शाबूत पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो. शंका आली तर टोकाने दाबून बघा. गेला आत तर वाईट वाटून घेऊ नका, तो तसाही गेलेलाच होता. आणि एक छोटं लोहचुंबक बरोबर ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे आधीच्या कुणीतरी पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

तुमचा फ्लोअर आणि बॅटरीचा ट्रे बहुधा पहिल्या-दुसऱ्या जातीत असतील. कमानींचे फुगे दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर. रंगाखाली गंज जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट पसरलेला निघाला तरी दचकू नका. रनिंग बोर्ड मात्र तिसऱ्या जातीचं आहे, आणि ते आतून सडत बाहेर येतं. ती बंद पेटी असते. खालच्या कडेला पाणी निचरायला भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि पाणी आतच मुरतं. बाहेर बोटाएवढं भोक दिसतंय म्हणजे आत तळहाताएवढं काम आहे असं धरून चला. इथे कन्व्हर्टर, इपॉक्सी, फायबर, काही लावू नका. कापून नवा पत्रा जोडणे, एवढा एकच उपाय. तेव्हा तुमचा दुसरा गॅरेजवाला, अडतीस हजारवाला, तेवढ्यापुरता खरं बोलतोय.

त्याला दोन गोष्टी विचारा. जुना पत्रा पूर्ण कापणार की वरून ठिगळ मारणार? ठिगळ मारलं तर दोन पत्र्यांच्या मधली फट गंजाला आयतं घर. आणि वेल्डिंग कशाने करणार? जुन्या पद्धतीचं गॅस वेल्डिंग आजूबाजूचा बराच पत्रा तापवून वाकडा करतं आणि रंग लांबपर्यंत जाळतं, सीओ-टू वेल्डिंगमध्ये हे कमी होतं. कसंही केलं तरी वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळतोच, आणि तिथे नंतर आतून काही लावलं नाही तर दीड-दोन वर्षांत वेल्डशेजारी नवी तांबूस रेघ उमटते. म्हणून ‘आतून काय मारणार?’ हा प्रश्न पैसे ठरवण्याआधी विचारायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायर सोडवायच्या आणि पेट्रोलची टाकी, नळ्या कुठे आहेत हे बघायचं, हे त्याला माहीत असतं, पण तुम्ही तिथे उभं राहून एकदा म्हणा.

आता तुमचा मूळ प्रश्न, लावू काय?

रस्ट कन्व्हर्टरपासून सुरू करू, कारण त्याच्याविषयी सर्वांत जास्त थापा ऐकायला मिळतात. तो दोन प्रकारचा येतो. एकात टॅनिक आम्ल असतं, लावल्यावर गंज निळसर काळा पडतो. दुसऱ्यात फॉस्फोरिक आम्ल, ते गंजाचं फॉस्फेट करतं. दोन्ही काम करतात, पण फक्त पत्र्याला घट्ट चिकटून राहिलेल्या पातळ गंजावर. सुट्या खपल्यांवर लावलात तर खपली काळी होते आणि खालचा लाल गंज खात राहतो. स्वच्छ चकचकीत पत्र्यावर टॅनिनवाल्याचा काहीच उपयोग नाही, कारण बदलायला गंजच नसतो. आणि हे कुणी सांगत नाही की गंजाच्या पोटातलं मीठ तो काढत नाही. म्हणून क्रम असा : ग्राइंडरला वायर ब्रश लावून किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचं, गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, कंप्रेसरच्या हवेने लगेच वाळवायचं, आणि मग खड्ड्यांत जो गंज उरला त्यावरच कन्व्हर्टर. फॉस्फोरिकवाला असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन काढायचा, नाहीतर उरलेलं आम्ल वरच्या प्रायमरला धरू देत नाही. पत्र्याच्या जोडात तर तो ओतूच नका, आत शिरलेलं आम्ल बाहेर काढता येत नाही. खरवडताना नाका-तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

बॅटरीच्या ट्रेला आधी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. फसफसेल, कारण तिथे बॅटरीतलं गंधकाम्ल सांडलेलं असतं. फसफस थांबेपर्यंत ओतत राहायचं, मग धुऊन वाळवायचं. हे न करता वर काहीही लावलं तरी ते सोलून निघेल. ट्रे सुटा मिळाला तर मात्र डागडुजी कशाला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे एक फेरी मारा.

यानंतर प्रायमर. इथे पैसे वाचवू नका. दोन डब्यांत येणारं इपॉक्सी प्रायमर घ्या, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो. ते पाणी आणि हवेला खरोखर अडवतं. स्प्रेच्या डब्यातलं एकेरी प्रायमर दिसायला तसंच, पण त्यातून ओल झिरपते. इपॉक्सी उन्हात पांढुरकं पडतं, म्हणून बाहेरच्या भागावर त्याच्यावर रंग लागतोच. लांबी भरायची असेल तर ती इपॉक्सीच्या वर, कधीही उघड्या पत्र्यावर नाही. लांबी पाणी पिते, आणि उघड्या पत्र्यावर बसलेली लांबी म्हणजे ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखं. तुमच्या कमानींना कुणी ‘थोडं घासून लांबी मारून देतो’ म्हणाला तर नमस्कार करून निघा.

झिंक प्रायमरचंही कुणीतरी सुचवेल. त्यातलं जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजतं, पण त्यासाठी जस्त आणि कोरं लोखंड यांचा थेट संबंध हवा. गंजावर किंवा कन्व्हर्टरवर ते मारणं वाया. वेल्डिंगआधी पत्र्याच्या मिळणाऱ्या कडांना लावायला मात्र उत्तम. यावरून आठवलं, बॅटरीला जोडायची एक इलेक्ट्रॉनिक डबी मिळते, ‘गंज थांबवते’ म्हणून. असं संरक्षण बोटींना चालतं, कारण त्यांचा तळ सतत समुद्राच्या पाण्यात बुडालेला असतो आणि त्या पाण्यातून प्रवाह फिरतो. हवेत उभ्या गाडीला तसं पाण्याचं सलग आवरण नसतं. तुमची गाडी ससून डॉकला बांधून ठेवणार असाल तर घ्या.

बाबांच्या रेड ऑक्साइडबद्दल. त्यातला लाल रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, गंजाचाच सख्खा भाऊ. त्याच्याही आधी लोखंडाला शिशाचा शेंदूर लावायचे, तो विषारी होता. रेड ऑक्साइड नुसतं ठेवलं तर ओल पूर्ण अडवत नाही, पण दर मे महिन्यात खरवडून नव्याने लावलं तर बरंच निभतं. गाडी पंचवीस वर्षं टिकली ती त्या डब्यापेक्षा चटईमुळे. वर्षातून एकदा कुणीतरी खाली आडवं पडून नीट बघत होतं.

जोडांना सीलंट लागतो. फ्लोअर जिथे बाजूच्या पत्र्याला मिळतो तिथला जुना सीलंट फुटून निघालेला असेल. इथे पॉलियुरेथेनचा, म्हणजे गॅरेजात ज्याला पीयू सीलंट म्हणतात तो वापरायचा, आणि तोही प्रायमर वाळल्यावर. सिलिकॉन नको म्हणजे नको. बाथरूमच्या टाइल्सना लावतात तो सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते असेटिक आम्ल असतं, म्हणजे आपण पत्र्यावर स्वतःच्या हाताने आम्ल सोडतोय. शिवाय त्याच्यावर रंग धरत नाही, आणि एकदा लागलेला सिलिकॉन साफ करणं म्हणजे शिक्षा. काचेच्या गळतीला गॅरेजवाले हमखास सिलिकॉनची नळी काढतात. त्या क्षणी हात धरा.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, अंडरकोटिंग. कमानींच्या आत आणि फ्लोअरखाली, जिथे चाकं खडी उडवतात तिथे, रबरासारखं लवचीक राहणारं कोटिंग चांगलं. डांबरी कडक होऊन तडकतं. निचऱ्याची भोकं, सायलेन्सर, ब्रेकचे भाग, ब्रेकच्या नळ्या, एक्सलचे रबरी बूट यांवर ते जाता कामा नये, आधी चिकटपट्टी लावून झाका. चेसिस नंबरवर तर अजिबात नाही. २०२९ला इन्स्पेक्टर तो वाचायला मागेल, तेव्हा खरवडत बसाल.

बंद पेट्यांसाठी, म्हणजे रनिंग बोर्ड, दारांचे तळ, डिकीच्या दाराची आतली बाजू यांसाठी, कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. या सगळ्या यादीत एकच वस्तू निवड म्हणालात तर मी हीच निवडेन. लांब नळीने, टोकाला चहूबाजूंनी फवारणारी नोझल लावून, ती निचऱ्याच्या भोकांतून आत मारतात. ती जोडांत झिरपते, कडक होत नाही, आणि जिथे खरवडायला हात पोचत नाही तिथल्या हलक्या गंजालाही बरंच थोपवून धरते. मारून झाल्यावर सगळी भोकं तारेने मोकळी करायची. पुढचे काही दिवस पार्किंगमध्ये मेणचट थेंब पडतील, खाली पुठ्ठा टाका नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी बोलतील. दर दोन वर्षांनी पुन्हा.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. वाईट नाही, स्प्रिंगा-बोल्टांवर छान बसतं, पण रस्त्याच्या पाण्याने धुऊन जातं, काही रबरांना फुगवतं, आणि दर वर्षी लावावं लागतं. ज्यांना बाबांसारखी चटई टाकायची हौस आहे त्यांनी घ्यावं. डब्ल्यूडी-४० हे गंजरोधक म्हणून वर्षभर पुरत नाही. १९५३मध्ये ते पाणी हटवायला बनवलं गेलं, नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच तो, आणि अडकलेले बोल्ट सोडवायला ते आजही हवंच. जुनं इंजिन ऑइल खालून फवारायची जुनी युक्ती मात्र विसरा. ते आम्लयुक्त झालेलं असतं, रबरी बुश खातं, ब्रेकवर गेलं तर जीव घेईल, आणि पहिल्या पावसात गटारातून माहीमच्या खाडीत जाईल. सिरॅमिक आणि टेफ्लॉनचे लेप रंगाची चमक राखतात. तुमचा गंज आतून येतोय, त्याला त्यांचं सोयरसुतक नाही.

वेळ तुम्ही नेमकी साधली आहे. ऑक्टोबरचं ऊन आपण शिव्या देत काढतो, पण गाडी वाळवायला त्यासारखं काही नाही. आत्ता गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, दारं आणि डिकी उघडी टाकून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, ते ओल कोंडतं. वेल्डिंग आणि प्रायमरचं काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, हवा कोरडी असताना. कॅव्हिटी वॅक्स जानेवारीत. मे महिन्यात ‘जूनच्या आत उरकून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका, माझा पाना आठवा.

नवऱ्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. म्हणून पैसे खर्च करण्याआधी तीन जागा बघून घ्या : पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे पत्र्याला बोल्ट केलंय ती जागा, मागचं सस्पेन्शन जिथे सांगाड्याला अडकतं ती, आणि सीटबेल्टचे बोल्ट. तिथे स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर भावनेला मुरड घाला, गाडी रस्त्यावर न्यायची नाही. तिथे टणक वाजलं तर गाडी वाचवण्यासारखी आहे. मग अडतीस हजारवाल्याकडे जा आणि काम दोन भागांत करायला सांगा : आत्ता रनिंग बोर्ड, फ्लोअर आणि काचेची चौकट, कमानी आणि वरचा रंग पुढच्या हिवाळ्यात. कमानी कुरूप दिसतात, पण गाडी त्यांच्यावर उभी नसते. आणि बाहेरून रंग लावण्याआधी, उघडा पत्रा आणि प्रायमर दोन्हींचे फोटो मागा. चांगला डेंटर ते आनंदाने पाठवतो.

आता स्टिकर. काचेचं रबर बदलायचं म्हणजे काच काढावी लागणारच. या गाडीत ती चिकटवलेली नसते, जुनं रबर ब्लेडने कापलं की काच अख्खी हातात येते आणि नव्या रबरात परत बसते, स्टिकरसकट. रबर फुकट जाणारच आहे, तेव्हा ते वाचवायच्या नादात काचेला पेचाने उचकू देऊ नका, काच तडकते ती तिथेच. स्टिकरवर कागद ठेवून चिकटपट्टी फक्त कागदाच्या कडांना, काचेवर लावायला सांगा, आणि थिनरचं फडकं त्या कोपऱ्यात फिरकू देऊ नका. जुनी काच आहे, हमी कुणी देणार नाही. म्हणून गाडी गॅरेजात सोडायच्या आदल्या दिवशी, सकाळच्या उजेडात, काचेच्या आतून आणि बाहेरून त्याचा जवळून एक-एक फोटो काढून ठेवा.